कोहक्याची मिंदा

लहानूजी गजभिये यांची सून आली ती थेट कतारहून. रायपूरच्या विमानतळावरून निघालेली टॅक्सी कोहक्यातल्या गल्लीत शिरली आणि नागसेनच्या मागोमाग कडेवर लहान मुलगी घेतलेली एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई खाली उतरली. दारात उभ्या असलेल्या सासऱ्याचा हात तिनं हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. तिच्या देशात वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. लहानूजींना ते ठाऊक नव्हतं, पण समजलं. त्यांनी तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग ती सासूकडे वळली. सत्यशीलाबाईंनी हात पदराखाली घेतला. गल्लीतल्या बायका पाहत होत्या.

तिचं नाव लुझविमिंदा. फिलिपाइन्समध्ये बेटांचे तीन मोठे समूह आहेत. त्या तिन्हींच्या नावांचे तुकडे जोडून तिकडे मुलींची अशी नावं ठेवतात, असं नागसेननं समजावून सांगितलं. लहानूजींनी ते दोन-चार वेळा म्हणून पाहिलं आणि शेवटच्या तुकड्यावर समाधान मानलं, मिंदा. सत्यशीलाबाईंना तेही पसंत पडलं नाही. "मिंदा का नाव झालं? कोनाची मिंधी असल्यावानी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिची मंदा केली. गल्लीत कुणी विचारलं, तर ती मणिपूरची आहे असं त्या सांगत. मणिपूर निदान भारतात होतं.

सत्यशीलाबाई वाईट बाई नव्हत्या. विहारातल्या महिला मंडळात त्यांचा शब्द चाले. बुद्धपौर्णिमेला त्या समतेवर भाषण करत, आणि चांगलं करत. लहानूजी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. त्या पगारात त्यांनी एकुलत्या एका पोराला पॉलिटेक्निक शिकवलं होतं, आणि रिटायर झाल्यावर कारखान्याच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडून कोहक्यात स्वतःचं घर बांधलं होतं. सून म्हणून नागपूरची एक शिक्षिका सत्यशीलाबाईंच्या मनात होती. तिच्या घरी एकदा बोलणंही झालं होतं. मग कतारहून नागसेनचा फोन आला. वर्कशॉपमध्ये त्याचा हात मोडला होता, ज्या दवाखान्यात तो होता तिथं ही बाई काम करत होती, आणि आता लग्न झालं होतं. त्या फोननंतर सत्यशीलाबाई कितीतरी दिवस विहारात गेल्या नाहीत.

नागसेन महिनाभर राहिला आणि परत गेला. कंपनी कुटुंबाला जागा देत नव्हती. वर्षा-दोन वर्षांत बायको-पोरीला घेऊन जाईन म्हणाला होता. ते काही झालं नाही. तो दरवर्षी डिसेंबरात यायचा, आणि बाकीचं वर्ष लुझविमिंदा सासू-सासऱ्यांजवळ, कोहक्यात.

तिला मराठी शिकवली लहानूजींनी. दोघं सकाळी ओट्यावर मुनग्याची, म्हणजे शेवग्याची पानं निसत बसायचे. मुनगा तिच्या गावीही खात. पाण्यात वाढणारी करमत्ता भाजी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तर तिनं भाजीवाल्या भागीरथेच्या टोपलीतल्या सगळ्या जुड्या उचलल्या, कारण तिकडे घरोघरी रांधतात ती हीच भाजी. भाषेचं मात्र अवघड होतं. तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द, त्यामुळे तिच्या मराठीत बाबा आली आणि आई गेला. लहानूजी पोट धरून हसायचे आणि मुद्दाम स्वतःही म्हणायचे, "बाबा जेवली. आता बाबा झोपनार." सत्यशीलाबाई आतून ऐकायच्या. त्यांना हसू आलं, तरी त्या बाहेर येऊन हसत नसत.

मग लहानूजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नागसेन धावत आला, हॉस्पिटलचं आटोपून सुट्टी संपताच परत गेला. त्यानंतर सासऱ्याला उठवणं, बसवणं, पुसून काढणं, आल्याची पातळ पेज चमच्यानं भरवणं, सगळं सुनेनं केलं. ती हे इतकं सराईतपणे करायची की सत्यशीलाबाईंना बरं वाटायचं आणि थोडा रागही यायचा. हे सारं ती कुठं शिकली, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

अशातच एक दिवस अरुणकुमार पांढरीपांडे लहानूजींना पाहायला आले. मिलमध्ये ते लहानूजींचे मॅनेजर होते. आता रिटायर होऊन दुर्गला, बोरसीत घर बांधून राहत होते. सोबत मिलमधलाच ओमप्रकाश होता.

या साहेबांच्या घरची एक गोष्ट सत्यशीलाबाई विसरल्या नव्हत्या. तरुणपणी, साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाला, त्या नवऱ्याबरोबर सेक्टरमधल्या त्यांच्या बंगल्यावर गेल्या होत्या. तहान लागली म्हणून पाणी मागितलं, तेव्हा साहेबांच्या आईनं खिडकीतला एक वेगळा ग्लास काढून दिला आणि पाणी पिऊन झाल्यावर तो तिथंच धुऊन उपडा घालायला सांगितला. साहेबांची बायको ताराबाई शेजारी उभी होती. सत्यशीलाबाई पुन्हा त्या घरी गेल्या नाहीत. पण त्या दिवसापासून एक खोड लागली. पोराचा निकाल असो, नवे पडदे असोत की घराचा रंग, साहेबांना हे कसं दिसेल, असं त्यांच्या मनात आधी येई.

साहेब खुर्चीवर बसले. लुझविमिंदा सासऱ्याला उशीला टेकवून बसवत होती. तिनं त्यांची हनुवटी पुसली, चादर सारखी केली आणि चहा ठेवायला आत गेली. साहेब कौतुकानं पाहत होते.

"अटेंडंट छान मिळाली तुम्हाला, सत्यशीलाबाई," ते म्हणाले. "मणिपूर-मिझोरमकडची दिसते. एजन्सीकडून ठेवली का?"

"हो," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

पलंगावर लहानूजींनी डावा हात उचलला. तोंड वाकडं करून त्यांनी जोर लावला. "सू," त्यांच्या तोंडून निघालं. "सू... सू..."

ओमप्रकाश लगबगीनं उठला. लघवी लागली असेल, आपण जरा बाहेर थांबू, असं त्यानं साहेबांना हळूच सांगितलं. दोघं समजूतदारपणे ओट्यावर गेले. लुझविमिंदा आतून भांडं घेऊन आली. लहानूजींनी डाव्या हातानं ते उडवून दिलं. ते रडत होते. तिनं भांडं उचललं, त्यांचा हात धरला आणि नेहमीसारखा कपाळाला लावला. सत्यशीलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नवरा कोणता शब्द म्हणायला धडपडत होता, ते त्यांना कळलं होतं. तो पुरा करायला फक्त एक अक्षर हवं होतं, आणि ते त्या देऊ शकत होत्या. त्यांनी पाहुण्यांना आत बोलावलं आणि चहा दिला.

निघताना साहेबांनी आपली अडचण सांगितली. ताराबाईंना संधिवातानं धरलं होतं. बोटं पार वाकडी झाली होती, स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. चांगली बाई मिळत नव्हती. ही थोडा वेळ आमच्याकडे येईल का? सत्यशीलाबाई चाचरत म्हणाल्या की ती दिवसभर इथंच लागते. तेवढ्यात कपबशा उचलायला आलेली लुझविमिंदा म्हणाली, "दुपारी बाबा झोपते. तेव्हा मी येते ना."

ते गेल्यावर सत्यशीलाबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"कावून हो म्हनलं तू?"

"तुम्ही हो म्हटला, आई," ती म्हणाली. "मग मी नाही कसं म्हणू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारण्याइतकी मराठी तेव्हा तिला येतही नव्हती. सत्यशीलाबाईंना वाटलं, तिनं मारला असता तर बरं झालं असतं.

अशी ती बोरसीला जाऊ लागली. सासऱ्याला दुपारी झोपवून ती स्कूटी काढायची आणि सुपेल्याहून दुर्गच्या रस्त्याला लागायची. पगाराचं विचारल्यावर तिनं साहेबांना सांगितलं, मला घरून मिळतं. साहेबांना वाटलं, एजन्सीनं तशी व्यवस्था केली असेल. त्यांच्या घराची रीत ठरलेली होती. कामाच्या बाईनं मागच्या दारानं यायचं आणि तिचा स्टीलचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा राहायचा. लुझविमिंदा मागच्या दारानं जात राहिली. पण साहेब दुपारी झोपले की ताराबाई तिला पलंगावर शेजारी बसवत आणि दोघी एका ताटात खात. ती ताराबाईंच्या केसांना खोबऱ्याचं तेल लावून देई, बोटं कोमट पाण्यात धरून एक एक सैल करी, आणि तिच्या त्या बाबा-आली मराठीत बोलत राही. ताराबाईंना वर्षानुवर्षांत अशी मैत्रीण मिळाली नव्हती.

नागसेनला हे फोनवर कळलं. आईनंच सांगितलं, थोडं फिरवून. तो म्हणाला, "चालू दे आई. तिले काही वाटत नाही." पुढे किती वर्षं हे वाक्य त्याला आठवून आठवून छळणार होतं, ते तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

एकदा पावसाची झड लागली होती, म्हणून साहेबांनी गाडी पाठवली. ड्रायव्हर दाराशी उभा असताना छोटी सुजाता "आई, आई" करत मागे धावली. सत्यशीलाबाईंनी तिला आत ओढलं आणि सांगितलं, या लोकांसमोर आई म्हणायचं नाही, मंदा मौशी म्हणायचं. लुझविमिंदानं ते ऐकलं. तिनं वळून पोरीच्या गालाला हात लावला आणि ती गाडीत बसली.

पोरं असं काही एकाच ठिकाणापुरतं शिकत नाहीत. त्या वर्षी शाळेत पालकांची सभा झाली. सत्यशीलाबाई आणि लुझविमिंदा दोघी गेल्या. मॅडमनी सुजाताला विचारलं, आजीबरोबर या कोण? सुजातानं वर्गातल्या मुलींकडे पाहिलं. नाकाडोळ्यानं ती अगदी आईसारखी होती आणि त्यावरून तिला चिडवत. ती म्हणाली, "मंदा मौशी है. घर में काम करती है."

मॅडमनी मान डोलावली. लुझविमिंदाही हसून मान डोलावत होती. घरी आल्यावर सत्यशीलाबाईंनी नातीला मारलं. सुजाता रडत म्हणाली, "आजी, तूनच तर सांगितलं होतं." सत्यशीलाबाईंचा हात वरचा वर राहिला. लुझविमिंदानं पोरीला उचललं आणि सासूकडे न पाहता म्हणाली, "लहान आहे, आई. विसरून जाईल." विहारात पुढच्या पौर्णिमेला बोलायची पाळी आली, तेव्हा घसा बसल्याचं सांगून त्या मागे बसून राहिल्या.

लहानूजी दोन पावसाळे काढून गेले. शेवटपर्यंत त्यांची वाचा आली नाही. साहेब अंत्ययात्रेला आले. नागसेन विधीत गुंतलेला होता, बायका आत होत्या, आणि त्या गर्दीत अटेंडंट कुठं बसली आहे याकडे साहेबांचं लक्ष गेलं नाही. सत्यशीलाबाईंचं मात्र पूर्ण वेळ त्याकडेच लक्ष होतं. नवरा समोर ठेवलेला असताना आपण हा विचार करतो आहोत, हे ध्यानात येऊन त्यांना स्वतःची किळस आली.

साधारण वर्षभरानंतर साहेब आपल्या मुलाला घेऊन कोहक्याला आले. शुभंकर पुण्याला नोकरीला होता. आईवडिलांना तो आता पुण्याला नेणार होता, पण ताराबाई मंदाशिवाय पाऊल उचलायला तयार नव्हत्या. तेव्हा तिलाही सोबत न्यायचं त्यानं ठरवलं होतं. स्वतंत्र खोली देऊ, एजन्सीशी आम्ही बोलून घेऊ, असं तो भल्या मनानं सांगत होता.

"आता गजभियेकाकाही राहिले नाहीत," शुभंकर म्हणाला. "तुम्हाला इथं तिची तशी गरज नसेल ना?"

मागच्या अंगणात लुझविमिंदा कपडे वाळत घालत होती. आतल्या दारात शाळेतून आलेली सुजाता दप्तर पाठीवर घेऊन उभी होती.

"ती येऊ शकत नाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"का हो? इथं कोणी आहे का तिचं?"

सत्यशीलाबाईंनी दारातल्या नातीकडे पाहिलं. साहेबांना वाटलं, त्या पैशाचा विचार करत असतील. ते काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "हे घरच हाय तिचं. सून हाय ती माही. नागसेनची बायको."

शुभंकरला नीट कळलं नाही. साहेबांना कळलं.

"पण मी तर तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"तुमी इचारलं, अन् मी हो म्हनलं. ती आत चहा ठेवत होती. तिनं ऐकलं."

साहेबांचा चेहरा उतरत गेला. इतकी वर्षं आपल्या घरी मागच्या दाराशी काढलेल्या तिच्या चपला आणि ओट्याच्या कोपऱ्यातला तो कप त्यांना दिसू लागला असावा. ज्या माणसानं त्यांच्या हाताखाली उभी हयात क्रेन चालवली, त्याची सून त्यांच्याकडे संडास धुऊन गेली होती. "आमच्याकडे ती..." एवढं म्हणून ते थांबले. सत्यशीलाबाईही खाली पाहत होत्या. एकानं दुसऱ्याला काही विचारावं असं राहिलं नव्हतं.

लुझविमिंदा रिकामी बादली घेऊन आत आली. तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते ओळखलं. "सर, उद्या येते मी," ती म्हणाली. "ताराताईचे केस धुवायचे आहेत." मग पोरीकडे वळून तिनं भूक लागली का विचारलं. सुजातानं तोंड उघडलं. आई म्हणावं की मौशी, तिला ठरवता आलं नाही. ती नुसतीच मान हलवून आत गेली.

बोरसीला परतून साहेबांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ताराबाई म्हणाल्या की त्यांना हे पहिल्याच महिन्यात ठाऊक झालं होतं. मुलंबाळं विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं होतं आणि साहेबांना कळू देऊ नका, आईला लाज वाटेल, असं वचन घेतलं होतं. साहेब चिडले. इतके दिवस मला असं वागू दिलंस? ताराबाई म्हणाल्या, "ती सून आहे हे कळल्यावर तुम्ही कप बदलला असता. कामवाली म्हणून का नाही बदललात?" दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः पुढचं दार उघडून उभे राहिले. लुझविमिंदा सवयीनं मागच्या दारानं आत येऊन कामाला लागली होती.

पुण्याला जाणं राहिलंच. ती पूर्वीसारखीच जात राहिली, फक्त आता पुढच्या दारानं.

कोहक्यात सत्यशीलाबाईंनी आतल्या खोलीत ठेवलेला नागसेनच्या लग्नाचा फोटो बैठकीत आणून लावला. येईल त्याला त्या न विचारता सांगू लागल्या, ही माझी सून, फिलिपाइन्सची. भाजी घेतानाही सांगत, बँकेतही सांगत. लुझविमिंदा संकोचून बाजूला सरकायची. कोरोनाच्या दिवसांत सुपेल्याच्या चौकात दोन पोरं तिला पाहून काहीतरी ओरडली, तर सत्यशीलाबाई त्यांच्या घरापर्यंत भांडायला गेल्या. पण जे बोलायचं ते घरातल्या घरात बोलणं जमेना. एकदा करमत्ता भाजी निवडताना त्यांनी सुरुवात केली.

"मंदा, त्या दिवशी साहेब आले होते ना, तवा मी..."

"आई, भाजीत कीड आहे," ती म्हणाली. "पाहून घ्या."

तिला ऐकायचं नव्हतं, की सासूला बोलायला लावायचं नव्हतं, हे सत्यशीलाबाईंना कधीच कळलं नाही. माफी झाली की नाही, हेही नाही.

सुजाता मोठी होत होती. ती आता आईला सगळ्यांसमोर आई म्हणायची, जरा जास्तच मोठ्यानं. पण तिनं शाळेचं नाव काढलं की लुझविमिंदा विषय बदलायची, म्हणून तीही त्याबद्दल कधी बोलली नाही.

छातीतली गाठ लुझविमिंदानं बरेच दिवस लपवली. नागसेनच्या कंपनीत माणसं कमी करत होते, म्हणून ती त्याच्या कानावर काही घालत नव्हती. ताराबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी साहेबांना कोहक्याला पाठवलं, तोवर उशीर झाला होता. नागसेन नोकरी सोडून आला. उपचार चालू असतानाही ती जमेल तेव्हा बोरसीला जाऊन यायची. शेवटचे काही आठवडे मात्र अंथरुणावरच गेले. सत्यशीलाबाईंनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. त्यांना ते नीट जमायचं नाही. तीच हळू आवाजात सांगायची, हात असा घाला, आई, उशी इकडे. होळीच्या थोडं आधी ती गेली.

ती कॅथलिक होती, म्हणून चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि तिथल्याच कब्रस्तानात तिला पुरलं. चर्च भरून गेलं होतं. गल्लीतली माणसं होती, चर्चमधल्या केरळच्या नर्स होत्या. साहेब ताराबाईंना व्हीलचेअरवर घेऊन आले होते. पण सत्यशीलाबाईंना ओळखू न येणाऱ्याही बऱ्याच बायका होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या, हमसून रडणाऱ्या. त्या कोण, ते भागीरथेनं सांगितलं. भागीरथा कुरुदच्या वस्तीतून टोपली घेऊन यायची. तिच्या सुनेचं मूल आडवं होतं, तेव्हा पोटाला हात लावून ते ओळखणारी आणि स्वतः रिक्षात घालून हॉस्पिटलात नेणारी लुझविमिंदाच होती. नंतर त्या वस्तीतल्या बायका तिला बोलावतच राहिल्या. "ओ तो दाई रिहिस, दाई," भागीरथा छत्तीसगढीत म्हणाली. म्हणजे ती सुईण होती, आजी. "तोला पता नइ रिहिस?"

सत्यशीलाबाईंना पत्ता नव्हता.

प्रार्थनेआधी फादरनी घरच्यांना जवळ बोलावून विचारलं, हिचे आईवडील कोण, गाव कोणतं, लहानपण कसं गेलं, दोन शब्द सांगा. नागसेननं गावाचं नाव सांगितलं, इलोइलो, आणि तिच्या आईचं नाव सांगितलं. पुढे त्यालाही येईना. वर्षातून एका महिन्याचा नवरा तो. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं सुजाताकडे. शेवटी मागून ताराबाईंचा आवाज आला, "मी सांगते." साहेबांनी खुर्ची पुढे ढकलली. ताराबाईंनी वाकडे हात मांडीवर ठेवून सांगितलं, जरा अडखळत, पण सगळं सांगितलं. घरची माणसं पुढच्या बाकावर बसून पाहुण्यांसारखी ऐकत होती.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका रविवारी सत्यशीलाबाई सुजाताला घेऊन ऑटोनं बोरसीला गेल्या. ताराबाईंनी त्यांना पलंगाजवळ बसवलं. पहिल्यांदा ताराबाईच बोलल्या. त्या वाढदिवसाला सासूनं ग्लास दिला तेव्हा मी शेजारीच होते आणि काही बोलले नाही, असं त्या म्हणाल्या. सत्यशीलाबाईंनी मान हलवली. त्या त्यासाठी आल्या नव्हत्या.

"मले तिचं सांगा," त्या म्हणाल्या. "घरात होती तवा मी इचारलंच नाई."

ताराबाई सांगत गेल्या. सहा भावंडांत ती थोरली. बाप मासेमारीला गेला तो वादळातून परतला नाही. आईनं शिवणकाम करून तिला सुईणीचं शिकवलं, आणि धाकट्यांच्या शिक्षणासाठी ती कतारला गेली. ती पालींना भ्यायची. चर्चमध्ये गायची, पण घरी गुणगुणायचीसुद्धा नाही, कारण सासरे आजारी असताना एकदा कुणीतरी तिला गप्प केलं होतं. ते कुणीतरी कोण, हे ताराबाईंनी सांगितलं नाही. सत्यशीलाबाईंना आठवत होतं.

"माह्याबद्दल का म्हने?" त्यांनी शेवटी विचारलं.

ताराबाईंनी आठवून पाहिलं. "संध्याकाळी घाईनं निघायची," त्या म्हणाल्या. "मी थांब म्हटलं तर म्हणायची, आईला एकटीनं जेवायला आवडत नाही."

हे सत्यशीलाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्या पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या. ताराबाई दुसरीकडे पाहत होत्या. सुजाता खिडकीशी उभी होती. ती आली आणि आजीच्या पायाशी, जमिनीवर बसली.

ऊन उतरल्यावर साहेब त्यांना ऑटोपर्यंत सोडायला आले. ऑटो निघाला तेव्हा सुजातानं विचारलं, पुन्हा कधी यायचं.

"पुढच्या रविवारी," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "अजून लई बाकी हाय."